पत्त्यातला आकडा

नोव्हेंबर १९९५ मध्ये इन्फोमॅजिक या अमेरिकन कंपनीने पाच सीडींचा एक संच बाजारात आणला. इंटरनेटवरचं लिनक्सचं सॉफ्टवेअर गोळा करायचं आणि सीडीवर घालून विकायचं, हा तिचा धंदा होता. मोडेमवरून एवढं सगळं उतरवून घ्यायचं तर रात्रीच्या रात्री जायच्या, त्यामुळे अशा सीडींना चांगली मागणी असे. या संचात ‘डेबियन १.०’ होतं. डेबियन ही स्वयंसेवकांनी मिळून उभी केलेली लिनक्स प्रणाली. पण तिची १.० ही आवृत्ती तोवर तयारच झालेली नव्हती. सीडीवर गेलं होतं ते विकासाच्या मधल्या टप्प्यावरचं, अर्धं शिजलेलं काम. प्रोग्रामच्या फाइली जुन्या साच्यातून ‘एल्फ’ या नव्या साच्यात नेण्याचं काम अजून सुरू होतं, आणि संगणक त्या सीडीवरून नीट सुरू होईल याचीही खात्री नव्हती.

११ डिसेंबर १९९५ ला डेबियन आणि इन्फोमॅजिक यांनी मिळून जाहीर केलं की ही आवृत्ती बिघडलेली आहे, कुणी वापरू नये. पण १.० हा आकडा आता लोकांच्या हातात गेला होता. तो परत घेता येणार नव्हता. मग डेबियनने एकच करता येण्यासारखं होतं ते केलं: खरी आवृत्ती जून १९९६ मध्ये आली ती थेट १.१ म्हणून. डेबियन १.० कधी निघालंच नाही.

आकडा ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पण सॉफ्टवेअर जिथून उतरवून घेतलं जातं त्या पत्त्यात तो लिहिला की त्याला वजन येतं. त्या पत्त्यावर जगभरातली यंत्रं विसंबून असतात. मध्यरात्री, कुणी बघत नसताना, ती आपोआप त्या पत्त्यावर जातात, नवीन काय आलं ते विचारतात आणि मिळेल ते बसवून घेतात. पत्त्यात आवृत्ती लिहायची का, लिहायची तर आकड्यात की नावात, आणि किती बारकाईने, यावर गेली तीस वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. काही चांगली टिकली, काहींनी लोकांची झोप उडवली.

एक पत्ता जवळून बघू. डेबियनच्या यंत्रावर ‘सोर्सेस.लिस्ट’ नावाची साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात अशी एक ओळ सापडते: ‘डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन बुकवर्म मेन’. (मूळ फाइलीत हे अर्थातच रोमन अक्षरांत असतं.) ओळीचे चार तुकडे आहेत. ‘डेब’ म्हणजे तयार पॅकेज हवीत, सोर्स कोड नको. दुसरा तुकडा सर्व्हरचा पत्ता. ‘बुकवर्म’ हे डेबियन १२ चं नाव. ‘मेन’ म्हणजे मुख्य विभाग. पॅकेज बसवणारा ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम हे तुकडे जोडून पूर्ण पत्ता तयार करतो. मूळ पत्त्यापुढे ‘डिस्ट्स’, त्याच्यापुढे ‘बुकवर्म’. तिथे ‘इनरिलीज’ नावाची एक फाइल असते, तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. सही खरी आहे हे तपासलं की ॲप्ट पॅकेजांची यादी उतरवतो. प्रत्यक्ष पॅकेज मात्र ‘डिस्ट्स’मध्ये नसतात. ती ‘पूल’ नावाच्या सामाईक कोठारात असतात, आणि तिथल्या प्रत्येक फाइलीच्या नावातच त्या पॅकेजचा आकडा असतो.

म्हणजे इथे आवृत्ती दोन ठिकाणी लिहिली जाते. एकेका पॅकेजची आवृत्ती फाइलीच्या नावात, आकड्यात, अगदी काटेकोर. सगळ्या प्रणालीची आवृत्ती रस्त्यात, आणि ती आकड्यात न लिहिता नावात.

ही नावं आली ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातून. १९९६ मध्ये डेबियनचं नेतृत्व ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होतं आणि ते नोकरीला होते हा चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये. १.१ चं नाव ‘बझ’, १.२ चं ‘रेक्स’, पुढे ‘बो’, ‘हॅम’, ‘स्लिंक’, ‘पोटॅटो’, ‘वूडी’, आणि आता २०२५ मध्ये आलेल्या १३ चं ‘ट्रिक्सी’. खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचं नाव ‘सिड’. ते कायमचं राखून ठेवलं आहे, जिथे रोज नवं काहीतरी येऊन पडतं आणि मोडायची शक्यता असते त्या ‘अनस्टेबल’ शाखेसाठी.

नावं गमतीची असली तरी त्यामागचं कारण रोकडं आहे. डेबियनच्या सर्व्हरच्या हुबेहूब नकला, म्हणजे मिरर, जगभर विद्यापीठं आणि कंपन्या चालवतात. समजा, चालू कामाच्या फोल्डरचं नाव ‘अनस्टेबल’ आहे आणि आवृत्ती जाहीर झाली त्या दिवशी त्याचं नाव बदलून ‘स्टेबल’ केलं. मिररच्या दृष्टीने जुनं फोल्डर नाहीसं झालं आणि एक नवीन उगवलं. आतली एकही फाइल बदललेली नसताना सगळ्या मिररनी सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं! त्या काळच्या इंटरनेटवर हा भार परवडणारा नव्हता. म्हणून फोल्डरला पहिल्या दिवसापासून एकच नाव द्यायचं, ते कधीच बदलायचं नाही, आणि ‘स्टेबल’, ‘टेस्टिंग’ हे शब्द फक्त त्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक म्हणून ठेवायचे, असं ठरलं. घर जागचं हलत नाही, दारावरची पाटी तेवढी बदलते. आवृत्ती तयार होत असताना तिला आकडाही लावावा लागत नाही, त्यामुळे अर्धवट कामावर १.० चा शिक्का बसण्याची भीतीही कमी झाली.

या रचनेमुळे वापरणाऱ्यासमोर मात्र एक निवड येऊन उभी राहते. त्या ओळीत ‘बुकवर्म’ लिहायचं की ‘स्टेबल’? ‘बुकवर्म’ ही ताजी आवृत्ती होती तोवर दोन्ही ठिकाणी तोच माल मिळत होता. पण ‘बुकवर्म’ लिहिलं तर यंत्र डेबियन १२ वरच राहील, मालक स्वतः हाताने ओळ बदलेपर्यंत. ‘स्टेबल’ लिहिलं तर डेबियनने पुढची आवृत्ती जाहीर केली त्या दिवशी यंत्राचा रस्ता आपोआप वळेल. प्रणाली केव्हा बदलायची हा निर्णय पहिल्या प्रकारात यंत्राच्या मालकाचा असतो, दुसऱ्यात प्रकाशकाचा. पत्त्यात आवृत्ती लिहिण्या-न लिहिण्याचा खरा मुद्दा हाच आहे, आणि या प्रकरणातली पुढची सगळी उदाहरणं याच प्रश्नाभोवती फिरतात.

१४ ऑगस्ट २०२१ ला आधीच्या ‘बस्टर’च्या जागी डेबियन ११ ‘बुलसआय’ आलं. ज्यांनी ‘स्टेबल’ लिहिलं होतं त्यांच्या यंत्रांवर ॲप्ट अडून बसला. या रिपॉझिटरीचं, म्हणजे पॅकेजांच्या कोठाराचं, नाव ‘बस्टर’ होतं, ते आता ‘बुलसआय’ झालं आहे, तुम्ही स्पष्ट होकार दिल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा त्याचा संदेश. हे अडणं मुद्दाम घातलेलं होतं आणि ते योग्यच होतं. सकाळच्या नेहमीच्या अपडेटमध्ये अख्खी प्रणाली बदलून जाणं कुणालाच परवडत नाही. पण ज्यांनी शहाणपणाने ‘बस्टर’ लिहिलं होतं, त्यांच्यापैकी अनेकांनाही तसाच अडथळा आला, कारण त्यांच्या रिपॉझिटरीचा दर्जा ‘स्टेबल’वरून ‘ओल्डस्टेबल’ झाला होता आणि तोही बदल ॲप्ट मंजूर करून मागत होता. जे आपोआप अपडेट होत होते त्या सर्व्हरांचं अपडेट होणं थांबलं, आणि थांबल्याचं बऱ्याच जणांना उशिरा कळलं.

त्याच वेळी आणखी एक बदल झाला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा पत्ता तोवर ‘बस्टर/अपडेट्स’ असा असे. किरकोळ सुधारणांचा पत्ता ‘बस्टर-अपडेट्स’. एक तिरपी रेघ आणि एक आडवी रेघ, फरक एवढाच. बुलसआयपासून सुरक्षेच्या पत्त्याचं रूप ‘बुलसआय-सिक्युरिटी’ असं केलं गेलं. सुधारणा चांगली होती, पण त्यामुळे फाइलीत ‘बस्टर’च्या जागी ‘बुलसआय’ घालून मोकळं होणाऱ्यांना नेमक्या सुरक्षेच्या ओळीवर ४०४, म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’ हा संदेश, मिळाला. पत्त्याचा साचा एकदा ठरला की तो बदलायचा नाही, निदान फार विचार केल्याशिवाय नाही, हा धडा यातून घ्यावा.

रेड हॅटच्या घराण्यात नावांऐवजी आकडे चालतात. सेंटओएस ही रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची फुकट मिळणारी प्रतिकृती. भारतातल्या कितीतरी कंपन्यांचे, कॉलेजांचे, होस्टिंगवाल्यांचे सर्व्हर वर्षानुवर्षं तिच्यावर चालले. तिच्या रिपॉझिटरीच्या पत्त्यात ‘रिलीजव्हर’ नावाचं एक चल असतं. पॅकेज बसवणारा यम हा प्रोग्राम यंत्रावरची आवृत्ती बघून तिथे ७ किंवा ८ असा आकडा भरतो. मिररवर ‘७’ नावाचं फोल्डर म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या उप-आवृत्तीकडे जाणारी लिंक. शेवटची उप-आवृत्ती होती ७.९.२००९. यातलं २००९ म्हणजे सन २००९ नाही. वर्ष २०, महिना ०९, म्हणजे सप्टेंबर २०२०. पाहणारा पहिल्यांदा चुकतोच.

ही मधली वाट होती. मोठा आकडा मालकाच्या हातात, छोटा प्रकाशकाच्या. ७ वरून ८ वर जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, ७.६ वरून ७.७ वर मात्र आम्हीच नेऊ. बहुतेकांना ती मानवली. काहींनी जास्त काटेकोरपणा म्हणून पत्त्यात ७.६.१८१० असा पूर्ण आकडा लिहिला. ७.७ आलं तसं ७.६ चं फोल्डर मिररवरून रिकामं झालं. त्यात उरली फक्त ‘रीडमी’ नावाची एक छोटी फाइल. ही आवृत्ती मागे पडली आहे, माल ‘व्हॉल्ट’ या जुन्या मालाच्या सर्व्हरवर हलवला आहे, एवढंच तिच्यात सांगितलेलं असे. माणसाला ती वाचता येते. यमला येत नाही. त्याला हवी असलेली यादी तिथे नसते आणि तो चूक दाखवून थांबतो.

पुढे तर मोठे आकडेही रिकामे झाले. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं आधी सांगितलं होतं. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की तो २०२१ च्या अखेरीसच संपेल. जानेवारी २०२२ च्या शेवटी मिररवरून ८ चा माल निघाला, आणि मिररच्या यादीत एकही पत्ता नाही असा संदेश जगभरच्या पडद्यांवर झळकू लागला. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तो रविवार होता. त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘मिररलिस्ट.सेंटओएस.ऑर्ग’ हे नावच सापडेनासं झालं. नेटवर्कच बंद पडलं असावं असं वाटावं असा तो संदेश होता, त्यामुळे अनेकांनी आधी केबल, फायरवॉल आणि डीएनएस तपासले. उपाय होता पत्त्यातलं नाव बदलून ‘व्हॉल्ट’ लिहिण्याचा. व्हॉल्टमध्ये जुनी पॅकेज मिळतात, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तिथे येत नाहीत. तो पत्ता लिहून सर्व्हर पुन्हा चालू होतो, सुरक्षित होत नाही. हा फरक न समजता व्हॉल्टवर दिवस काढणारी यंत्रं म्हणजे उघडं ठेवलेलं दार आहे.

चलाने आकडा भरण्यातही एक खाच आहे. चल भरणारं यंत्र स्वतःला काय म्हणवतं, त्यावर सगळं अवलंबून असतं. ॲमेझॉन लिनक्स २ बरीचशी रेड हॅट ७ च्या वळणाची, पण ‘रिलीजव्हर’ विचारला की उत्तर देते २. सेंटओएससाठी लिहिलेली रिपॉझिटरीची फाइल तिच्यावर ठेवली तर यम जातो ‘सेंटओएस/२’ या अस्तित्वात नसलेल्या फोल्डरकडे. खुद्द रेड हॅट ७ च्या सर्व्हरवर हेच चल ‘७सर्व्हर’ असं भरलं जाई. डेबियनवर आधारलेल्या उबंटूच्या बाजूला लिनक्स मिंटचं तसंच. डॉकरसारख्या बाहेरच्या रिपॉझिटरीच्या सूचनांमध्ये यंत्राला त्याचं सांकेतिक नाव विचारून ते पत्त्यात घालायला सांगितलेलं असे. मिंट २१ आपलं नाव ‘व्हॅनेसा’ सांगते. डॉकरकडे ‘व्हॅनेसा’ नाही, ‘जॅमी’ आहे, कारण मिंट २१ ज्याच्यावर उभी आहे ते उबंटू २२.०४ त्या नावाने ओळखलं जातं. आता सूचनांमध्ये आधी उबंटूचं नाव शोधा, ते नसेल तर यंत्राचं स्वतःचं घ्या, अशी कमांड असते. हे शहाणपण ४०४ खाऊन आलेलं आहे.

पत्त्यात आकडा नसल्याचे हाल आणि तो आल्याचा फायदा, दोन्ही एकाच प्रकल्पात बघायचे तर कुबरनेटीस घ्यावं. हजारो कंटेनर अनेक यंत्रांवर चालवणारी ही प्रणाली. तिची पॅकेज अनेक वर्षं गूगलच्या सर्व्हरवर, ‘ॲप्ट.कुबरनेटीस.आयओ’ या पत्त्यावर होती. त्या ओळीत पुढे लिहावं लागे ‘कुबरनेटीस-झेनियल मेन’. झेनियल हे उबंटू १६.०४ चं नाव, २०१६ चं. २०२२ साली उबंटू २२.०४ वर कुबरनेटीस बसवणारा इंजिनीअरही हेच ‘झेनियल’ लिहीत होता, कारण नव्या उबंटूसाठी वेगळं फोल्डर कधी झालंच नाही. पत्त्यातली आवृत्ती खोटी, आणि सगळ्यांना ती खोटी असल्याचं ठाऊक. नवख्याला मात्र वाटायचं, आपण चुकीच्या आवृत्तीची ओळ उचलली.

खरी अडचण वेगळीच होती. पत्त्यात उबंटूचं नाव होतं, पण ज्याची आवृत्ती महत्त्वाची त्या कुबरनेटीसचा आकडा नव्हता. १.२५, १.२६, १.२७ सगळं एकाच फोल्डरात. यंत्रावर साधं ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवलं की सगळ्यात नवीन आवृत्ती येऊन बसणार. आणि कुबरनेटीसमध्ये तर पायऱ्या गाळता येत नाहीत. नियंत्रण करणारा भाग १.२५ वरून थेट १.२७ वर नेता येत नाही, मध्ये १.२६ वर थांबावंच लागतं. प्रत्येक यंत्रावर चालणारा ‘कुबलेट’ हा भाग मुख्य एपीआय सर्व्हरपेक्षा नवीन असून चालत नाही. एका बेसावध अपग्रेडने हे दोन्ही नियम एकदम मोडले जात. म्हणून बसवल्याबरोबर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ ही कमांड देऊन पॅकेजना जागच्या जागी बांधून ठेवायचं, हे प्रत्येक सूचनापत्रात लिहिलेलं असे. ज्याने ती ओळ वगळली त्याचा क्लस्टर, म्हणजे यंत्रांचा संच, कधीतरी रुसून बसायचाच.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकल्पाने स्वतःची नवी रिपॉझिटरी जाहीर केली: ‘पीकेजीएस.केएटएस.आयओ/कोर:/स्टेबल:/व्ही१.२८/डेब/’. मधले अपूर्णविराम विचित्र दिसतात, ते आले ओपनसुसे या लिनक्स प्रणालीच्या बिल्ड सर्व्हिसमधून, तिथे प्रकल्पांची नावं अशीच लिहितात. महत्त्वाचा आहे तो ‘व्ही१.२८’. प्रत्येक उप-आवृत्तीला वेगळा पत्ता. १.२८ च्या पत्त्यावर १.२८.१, १.२८.२ अशा दुरुस्त्या येत राहतील, १.२९ कधीही येणार नाही. १.२९ हवं असेल तर फाइल उघडून ८ चा ९ करायचा. जी गोष्ट आधी एका वेगळ्या कमांडच्या आठवणीवर सोडलेली होती ती आता पत्त्यातच बांधली गेली. जुनी रिपॉझिटरी १३ सप्टेंबर २०२३ ला गोठवली आणि मार्च २०२४ च्या सुरुवातीला काढून टाकली.

तक्रारी झाल्या. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन उप-आवृत्त्या येतात, म्हणजे वर्षातून तीनदा सगळ्या यंत्रांवरच्या फाइली बदलायच्या. पण ते काम तसंही करावंच लागत होतं, फक्त आधी ते कुणालाही न सांगता होऊन जायचं. मोठा, न उलटवता येणारा बदल करताना माणसाने एक आकडा हाताने बदलावा, ही अपेक्षा जाचक नाही.

वेबच्या दुनियेत हीच गोष्ट जेक्वेरीने शिकवली. या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या सर्व्हरवर ‘जेक्वेरी-लेटेस्ट.जेएस’ अशी एक फाइल होती. नावाप्रमाणे कायम नवी. हौशी लोकांनी ती थेट आपल्या वेबसाइटवर जोडली. पुढे जेक्वेरीच्या २.० शाखेने इंटरनेट एक्सप्लोररच्या ६, ७ आणि ८ या आवृत्त्यांचा आधार सोडला. ‘लेटेस्ट’ पुढे नेलं असतं तर असंख्य साइटी त्या ब्राउझरांवर एका रात्रीत मोडल्या असत्या, मालकांनी आपल्या पानातलं एक अक्षरही बदललेलं नसताना. जुलै २०१४ मध्ये जेक्वेरीने ठरवलं की ही फाइल १.११.१ वर कायमची थांबेल. म्हणजे ‘लेटेस्ट’ हे नाव आज एका जुन्या, कधीही न बदलणाऱ्या आवृत्तीचं आहे.

उलट टोकाला मेव्हन सेंट्रल आहे, जावाच्या लायब्ररींचं प्रचंड कोठार. तिथे प्रत्येक लायब्ररीच्या प्रत्येक आवृत्तीला तिचा आकडा असलेलं स्वतंत्र फोल्डर असतं, आणि एकदा ठेवलेली फाइल बदलता येत नाही. चूक सापडली तर नवा आकडा काढा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीत भयंकर छिद्र सापडलं तेव्हा या शिस्तीची किंमत कळली. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात. मग त्या महिन्याभरात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा एकामागून एक दुरुस्त्या आल्या. जगभरच्या टीमांना एकच प्रश्न विचारायचा होता: आपल्याकडे कुठला आकडा आहे? आकडा पत्त्यात आणि फाइलीच्या नावात असल्यामुळे तो शोधता आला. जुनं २.१४.१ आजही तिथे उतरवून मिळतं, कारण ते काढलं तर त्याच्यावर उभे असलेले जुने प्रोग्राम पुन्हा तपासून बघता येणार नाहीत. मेव्हन सेंट्रलच्या मूळ पत्त्यात आणखी एक आकडा आहे: ‘मेव्हन२’. हा मांडणीचा आकडा. मेव्हन २ हे २००५ मध्ये आलं आणि मेव्हन ३ हे २०१० मध्ये, पण पत्त्यातला २ तसाच राहिला. बदलला नाही हे फार बरं झालं.

गो या भाषेने तर आकडा थेट प्रोग्रामच्या मजकुरात आणला. आधी २०१४ पासून ‘गोपीकेजी.इन’ ही सेवा ‘यामल.व्ही२’ अशा पत्त्यांनी ते काम करत होती. २०१८ मध्ये गोच्या टीममधल्या रस कॉक्स यांनी मांडलेल्या आणि गो १.११ मध्ये आलेल्या पद्धतीत नियमच झाला: पत्ता तोच असेल तर नव्या आवृत्तीने जुना प्रोग्राम मोडता कामा नये, आणि मोडणार असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘व्ही२’ जोडा. त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदू शकते. प्रत्येक फाइलीतल्या ओळी बदलाव्या लागतात म्हणून अनेकांना हे पटलं नाही. तरीही लायब्ररी लिहिणाऱ्याला मोडतोड करण्याआधी दोनदा विचार करायला लावणारा हा नियम आहे, आणि तेवढ्यासाठी तो राखण्याजोगा आहे.

आकडा लिहिला की सगळं झालं असंही नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्याच्यावर विसंबलेले मोठमोठे प्रकल्प बांधताना कोलमडले. आकडा बरोबर होता, त्या जागी मालच नव्हता. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्यावर कडक बंधनं घातली. ३० जानेवारी २०२३ ला गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर वेगळाच प्रकार झाला. तिथे आवृत्तीचा आकडा असलेल्या पत्त्यावर सोर्स कोडची दाबलेली फाइल मिळते, आणि ती मागणी आल्यावर तयार होते. गिटहब ज्याच्यावर चालतं त्या गिटमधली दाबण्याची पद्धत बदलली होती. आतला कोड तोच, पण बाहेरच्या फाइलीचे बाइट बदलले, चेकसम जुळेनासे झाले आणि काटेकोर तपासणी करणारी बांधकामं थांबली. गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला.

ज्यांना याहून पक्कं काही हवं आहे त्यांच्यासाठी डेबियनने ‘स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग’ चालवलं आहे. तिथल्या पत्त्यात आवृत्ती नसते, तारीख आणि वेळ असते, सेकंदापर्यंत. त्या क्षणी सगळी रिपॉझिटरी जशी होती तशी तिथे मिळते. वर्ल्ड वाइड वेबचे मानदंड ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था आपल्या दस्तऐवजांवर कितीतरी वर्षं दोन्ही पत्ते छापते आहे: या आवृत्तीचा तारखेसह कायमचा पत्ता, आणि सर्वांत ताज्या आवृत्तीचा न बदलणारा पत्ता. वाचणाऱ्याने काय हवं ते घ्यावं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रकाशकाने हेच करायला हवं. आकड्याचा पत्ता द्यावा, ताज्याचाही द्यावा, जुना माल हलवला तर मूळ पत्त्यावरून नव्या जागेकडे यंत्राला समजेल असा रस्ता लावावा, आणि मुदत कधी संपणार ते आधीपासून ठळकपणे सांगावं.

चालत्या सर्व्हरवर मात्र आवृत्ती लिहिलेलाच पत्ता असावा. ‘स्टेबल’ आणि ‘लेटेस्ट’ शोभतात ते घरच्या प्रयोगाच्या यंत्रावर. ज्याच्यावर कुणाचा पगार, कुणाची परीक्षा किंवा कुणाचं औषध अवलंबून आहे त्या सर्व्हरवर नाहीत.

तुमच्या ताब्यात लिनक्सचं एखादं यंत्र असेल तर आज त्याची सोर्सेस.लिस्ट किंवा यमच्या रिपॉझिटरींचं फोल्डर उघडा आणि प्रत्येक ओळीत कुठली आवृत्ती लिहिली आहे ते वाचा. ती कधी संपते हे शोधा आणि त्याच ओळीच्या वर, टिपण म्हणून, तारीख लिहून ठेवा. ‘बुलसआय’ दिसलं तर दीर्घ मुदतीचा आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत, ‘बुकवर्म’ दिसलं तर ३० जून २०२८ पर्यंत. ‘सेंटओएस ७’ दिसलं तर मुदत संपून गेली आहे, आणि ते यंत्र हलवण्याचं काम याच आठवड्यात सुरू करा.